सेरोटोनिन रिसेप्टरसाठी रेणू रचताना: कुठे चिकटू नये, हे आधी ठरवा

तालुक्याच्या फार्मसी कॉलेजात एम.फार्म.च्या मुलांना प्रकल्पाचा विषय विचारा, हमखास उत्तर येतं: डॉकिंग, म्हणजे रेणू प्रोटीनच्या खिशात कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकावरचा अंदाज. त्यात वावगं काही नाही. दारव्हा, मेहकर, आर्वीसारख्या गावी एखादं रसायन मागवलं तर नागपूरचा डीलर आधी मुंबईला फोन लावतो, मग कधीतरी बाटली येते. संगणकावरच्या कामाला आठ जीबीचा लॅपटॉप, फुकटची सॉफ्टवेअरं आणि रात्रभर टिकणारी लाईट एवढं पुरतं. गडबड पुढे होते. मुलं प्रोटीनची फाईल उतरवतात, शंभरेक रेणू काढतात, सर्वांत मोठा उणे आकडा ज्याला आला त्याला ‘नवं नैराश्यरोधक औषध’ म्हणून प्रबंधात घालतात आणि मोकळी होतात.

सेरोटोनिन या शरीरातल्या निरोप्या रसायनाच्या बाबतीत हे फार महागात पडतं. त्याच्या रिसेप्टरांना, म्हणजे पेशीवर त्याचा निरोप घेणाऱ्या प्रोटीनांना, रेणू चिकटवणं मुळीच अवघड नाही, हजारो रेणू चिकटतात. हव्या त्या एकालाच चिकटवायचं आणि बाकीच्यांना, विशेषतः हृदयाच्या झडपेवरच्याला, हात लावायचा नाही, खरं काम ते आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांत टाळण्याची यादी डॉकिंगच्या आधी येते.

पायरी १: रोग, मग रिसेप्टर, मग दिशा

सेरोटोनिन १९४८ साली रक्तातून वेगळं काढलं गेलं आणि १९५३ मध्ये ते मेंदूतही असल्याचं दिसलं. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मात्र आतड्यात असतं. माणसात त्याचे डझनाहून जास्त रिसेप्टर आहेत, सात कुटुंबांत विभागलेले. त्यांच्या नावातलं ५-एचटी म्हणजे सेरोटोनिनच. ५-एचटी३ हा आयन जाऊ देणारा मार्ग आहे. बाकी सगळे पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाणारे, आतल्या बाजूला जी-प्रोटीनला निरोप देणारे रिसेप्टर. लिहायला सोपं जावं म्हणून ५-एचटी२ए ला पुढे नुसतं २ए म्हणतो, बाकीच्यांनाही तसंच.

‘मेंदूच्या विकारांवर औषध’ हा विषय होत नाही. कुठला विकार, कुठला रिसेप्टर आणि तो चालू करायचा की बंद, ही तीन उत्तरं एका वाक्यात बसली पाहिजेत. अर्धशिशीचं उदाहरण घ्या. सुमाट्रिप्टान १बी आणि १डी चालू करतं, डोकेदुखी उतरते. पण १बी हृदयाच्या रक्तवाहिन्याही आवळतो, त्यामुळे हृदयरोग्याला ते देता येत नाही. मग शास्त्रज्ञ १एफ कडे वळले, कारण त्याला रक्तवाहिन्या आवळण्याची खोड नाही. त्यातून लास्मिडिटान आलं, अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. रोग तोच, रिसेप्टर बदलला, आणि कोणाला गोळी देता येईल हेही बदललं.

दुसरं उदाहरण पार्किन्सनचं. या रोग्यांना पुढे भास होऊ लागतात. नेहमीची भासावरची औषधं डोपामिन अडवतात, म्हणजे आधीच ताठरलेला रोगी आणखी जखडतो. पिमावान्सेरिन डोपामिनच्या वाटेला जात नाही, ते २ए ला शांत करतं. २०१६ मध्ये ते अमेरिकेत मंजूर झालं. पहिल्या प्रकल्पाला मी हाच विषय सुचवतो: २ए बंद करायचा, डोपामिनचा डी२ सोडून द्यायचा. हेतू स्वच्छ आहे, तुलनेला तयार औषध आहे आणि यश-अपयश मोजता येतं.

नैराश्य घ्यायचा मोह होतो, आपल्या विदर्भात तर फारच. घ्या, पण ‘नैराश्य म्हणजे मेंदूत सेरोटोनिन कमी पडणं’ हे वाक्य प्रस्तावनेत लिहू नका. फ्लुओक्सेटिनसारखी औषधं सेरोटोनिन परत ओढून घेणाऱ्या वाहक प्रोटीनवर बसतात, रिसेप्टरवर नाही. त्यांचा तिथला परिणाम काही तासांत सुरू होतो, माणसाला बरं वाटायला मात्र आठवडे लागतात. एवढा फरक त्या एका वाक्यात मावत नाही. आणि कापसाच्या भावाचं, सावकाराच्या तगाद्याचं दुःख रिसेप्टरवर ढकलणं मला पटत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या गावांमध्ये झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी समुपदेशनाची वाट उघडी केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण कैकपटींनी वाढलं. नवा रेणू त्याच्या जोडीला येईल, त्याच्या जागी नाही. घरात कोणाची गोळी चालू असेल तर हा लेख वाचून ती कमी-जास्त करू नका. बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

पायरी २: टाळण्याची यादी

ही पायरी वगळली तर पुढचं सगळं वाया.

यादीत पहिलं नाव २बी. फेनफ्लुरामिन ही भूक मारणारी गोळी अमेरिकेत लाखो लोकांनी घेतली. १९९७ मध्ये रोग्यांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागल्याचं दिसलं आणि गोळी बाजारातून काढावी लागली. कारण नंतर उलगडलं. झडपेतल्या पेशींवर २बी असतो. तो सतत चालू राहिला की त्या पेशी वाढत राहतात, झडप जाड होते आणि नीट मिटत नाही. गंमत अशी की खरी गुन्हेगार मूळ गोळी नव्हती. यकृतात तिच्यापासून तयार होणारं नॉरफेनफ्लुरामिन २बी ला जोरात चालू करत होतं. म्हणजे तुम्ही काढलेला रेणू तपासून भागत नाही. त्याच्या नायट्रोजनवरचा अल्किल गट यकृतानं छाटल्यावर जे उरेल तेही काढा आणि तपासा.

हीच गत पर्गोलाइडची झाली. ते पार्किन्सनचं औषध, अरगट बुरशीच्या कुळातलं. झडपांच्याच तक्रारीमुळे २००७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. ज्वारी-बाजरीच्या कणसातून चिकट थेंब गळतात ते अरगट आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. युरोपातल्या राय धान्यावर पडणाऱ्या त्याच्या चुलत बुरशीत एर्गोटामिन असतं, आणि हा रेणू इतका सर्वसंचारी आहे की १बी, २बी आणि २सी या तिन्ही रिसेप्टरांच्या रचना शास्त्रज्ञांनी त्याच एकाला आत बसवून मिळवल्या. घट्ट बसणं म्हणजे निवडक बसणं नव्हे, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

फेनफ्लुरामिनची गोष्ट तिथे संपली नाही. २०२० मध्ये ड्रॅव्हे नावाच्या मुलांच्या दुर्धर फेफऱ्यासाठी ते कमी मात्रेत परत आलं, ठरावीक काळानं हृदयाची इको तपासणी करण्याच्या अटीवर. धोका तोच, पण रोग इतका वाईट की तराजू दुसरीकडे झुकला. टाळण्याची यादी दगडावरची रेघ नसते, रोगाप्रमाणे ती सैल किंवा कडक होते. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा: झडपेला अपाय २बी चालू करण्यानं होतो, अडवण्यानं नव्हे.

दुसरं नाव हर्ग, हृदयातला पोटॅशियमचा मार्ग. सिसाप्राइड हे पोटाचं औषध सेरोटोनिनच्याच ४ क्रमांकाच्या रिसेप्टरवर चालायचं. त्यानं हर्ग अडवला, हृदयाचे ठोके बिघडून लोक दगावले आणि २००० मध्ये अमेरिकेतून ते गेलं. सेरोटोनिन रिसेप्टरला हवा असलेला आम्लारिधर्मी नायट्रोजन आणि तेलकट सुगंधी वलयं हर्गलाही आवडतात, त्यामुळे ही टक्कर आपल्या कामात वारंवार होते. बाकी यादी पटकन: हिस्टामिनचा एच१ (झोप आणि वजन), अल्फा-१ (उभं राहिल्यावर भोवळ), मस्करिनिक एम१ (कोरडं तोंड, म्हाताऱ्यांत गोंधळ), आणि आपल्या विषयात डी२.

पायरी ३: जुनी माहिती गोळा करा, मग निवडा

केम्बल हा विनामूल्य माहितीसाठा उघडा. माणसाच्या २ए साठी तिथला क्रमांक २२४. हजारो नोंदी येतील. सगळ्या एका एक्सेलमध्ये ओतून चालणार नाही. फक्त माणसाचं प्रोटीन घ्या, बंधनाचा केआय आकडाच घ्या (जितका लहान तितकी पकड घट्ट), आणि कुठल्या किरणोत्सारी खुणेविरुद्ध, म्हणजे आधीच बसलेल्या कुठल्या रेणूला हटवून, मोजलंय ते पाहा. केटान्सेरिनविरुद्ध मोजलेला आकडा आणि डीओआयविरुद्ध मोजलेला आकडा एकाच रांगेत ठेवता येत नाहीत. डीओआय स्वतः रिसेप्टर चालू करणारं आहे, त्यामुळे चालू करणारे रेणू तिथे जास्त घट्ट दिसतात.

माणूस आणि उंदीर वेगळे ठेवण्याचा आग्रह उगाच नाही. २ए च्या खिशात २४२ व्या जागी माणसात सेरिन आहे, घरच्या आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांत अॅलानिन. एका ऑक्सिजनचा फरक, पण काही रेणूंची पकड त्यानं बदलते. १बी मध्येही तशीच एका जागेची अदलाबदल आहे आणि तिथे तर प्रोप्रानोलॉलसारखा रेणू उंदरात घट्ट आणि माणसात सैल बसतो. जुने शोधनिबंध उंदराच्या मेंदूवरचे आहेत, तेव्हा तारखेकडेही लक्ष असू द्या.

पायरी ४: रचना निवडा आणि साफ करा

प्रोटीन डेटा बँकेतून २ए ची रिस्पेरिडोन या भासावरच्या औषधासह असलेली रचना घ्या, कोड ६ए९३, २०१९ सालची. हा रिसेप्टर बंद अवस्थेतला आहे, आणि आपल्याला बंद ठेवणारा रेणू हवा, म्हणून हीच योग्य. रिसेप्टर चालू करणारा रेणू शोधायचा असता तर जी-प्रोटीन जोडलेली, २०२० ची ६डब्ल्यूएचए घ्यावी लागली असती. चालू होताना पडद्यातून आरपार जाणाऱ्या सात सर्पिलांपैकी सहावा बाहेरच्या बाजूला सरकतो आणि खिसा बदलतो. चुकीच्या अवस्थेवर डॉकिंग केलेले प्रबंध मी भरपूर पाहिले, परीक्षकही बहुधा विचारत नाहीत.

साफसफाई करताना काय काय आहे ते डोळ्यांनी पाहा. हा रिसेप्टर स्फटिकात बसवण्यासाठी त्यातले काही अमिनो आम्ल मुद्दाम बदललेले असतात आणि तिसऱ्या आतल्या फासात बाहेरचं एक छोटं प्रोटीन घुसवलेलं असतं. ते काढा. बदललेल्या जागा खिशाला लागून आहेत का ते तपासा. स्पष्टता ३ अँगस्ट्रॉमची आहे, म्हणजे पाण्याच्या रेणूंवर फार विसंबू नका.

पायरी ५: आधी स्वतःची परीक्षा

नवा रेणू घालण्याआधी रिस्पेरिडोन काढून परत तिथेच डॉक करा. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसला तर पुढे जा. नाही बसला तर डॉकिंगसाठी आखलेली पेटी, प्रोटॉन, प्रोटीनचे फासे यांपैकी काहीतरी बिघडलंय. पण एवढ्यावर थांबू नका, ही परीक्षा फार सोपी आहे. केम्बलमधले पन्नास घट्ट बसणारे रेणू आणि त्याच वजनाचे, त्याच तेलकटपणाचे पण रचनेनं वेगळे असे दोन-अडीच हजार दिखाऊ रेणू एकत्र डॉक करा. खरे रेणू यादीच्या वरच्या टोकाला गोळा झाले पाहिजेत. ते सगळीकडे सारखे विखुरले असतील तर तुमची पद्धत नाणं उडवतेय. या कामाला लॅपटॉपला काही रात्री लागतात. गावाकडे उन्हाळ्यात दिवसा लाईट जाते आणि लॅपटॉप तापतो, म्हणून मुलं रात्री जेवणं झाली की काम लावतात आणि कूलरची हवा मशीनकडे वळवतात. रेणू वीस-वीसच्या गठ्ठ्यांत लावा, म्हणजे मध्येच लाईट गेली तर एकच गठ्ठा जातो.

पायरी ६: रेणू काढा, आकडा वाचा, मग चित्र वाचा

तिसऱ्या सर्पिलावर ३.३२ या स्थानी (हा सगळ्या रिसेप्टरांसाठीचा सामाईक क्रमांक) अॅस्पार्टिक आम्ल आहे, २ए मध्ये त्याचा क्रमांक १५५. सेरोटोनिन कुटुंबातल्या सगळ्या जी-प्रोटीनवाल्या रिसेप्टरांत ते आहे. रेणूवरचा धन भाराचा नायट्रोजन त्या ऋण भाराला धरतो आणि बहुतेक सगळी पकड तिथून सुरू होते. म्हणून काढताना हा नायट्रोजन हवाच. निवडकपणा मात्र इथून मिळत नाही, कारण हा खुंटा सगळ्यांकडे आहे. तो मिळतो रेणूचं दुसरं टोक कुठे जातं त्यावरून: खिशाच्या तळाशी, की वरच्या तोंडाकडच्या कप्प्यात, जिथे भावंडांमध्ये फरक आहेत. पिमावान्सेरिन बघा. एका बाजूला मिथाइल-पिपेरिडिनचा नायट्रोजन, दुसरीकडे फ्लुओरोबेन्झिल, तिसरीकडे आयसोब्युटॉक्सी बेन्झिल, मध्ये युरिया. तीन हात तीन दिशांना.

आता एक प्रसंग. एक मुलगी सकाळी हसत आली, “सर, मायनस अकरा पॉइंट दोन आला नं! पेपर होते काय?” चित्र उघडलं. रेणू खिशात बसला होता खरा, पण उलटा. नायट्रोजन बाहेर पाण्याकडे, आणि १५५ च्या अॅस्पार्टिक आम्लासमोर चक्क क्लोरोफेनिल. फाईल टेक्स्ट म्हणून उघडली तर नायट्रोजनच्या ओळीखाली हायड्रोजनची ओळच नव्हती. रूपांतर करताना प्रोटॉन लागलाच नव्हता. आम्ही वापरतो ती डॉकिंगची प्रणाली, ऑटोडॉक व्हिना, विद्युतभार मोजत नाही, ती हायड्रोजन बंध पाहते. हायड्रोजनच नसला तर तिच्या लेखी त्या खुंट्याला किंमत उरत नाही, आणि चिकट तेलकट स्पर्शांवरच आकडा फुगतो. हायड्रोजन लावून परत चालवलं, रेणू सुलटा बसला, आकडा घसरून मायनस नऊच्या आसपास आला. “काहून कमी झाला?” म्हणाली. कमी आकड्याचा रेणूच बरोबर होता.

आकड्यांच्या मोजमापाचंही भान ठेवा. सुमारे १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे पकडीत दहापट फरक. व्हिनाची चूक साधारण दोन-तीन किलोकॅलरीची असते, म्हणजे पकडीत शंभरपटीच्या वरपर्यंत. मायनस ९.८ आणि मायनस १०.१ यांत पहिला-दुसरा ठरवणं व्यर्थ. तोच रेणू २बी वर डॉक करून ‘फरक १.२, म्हणून निवडक’ असं लिहिणंही व्यर्थ. डॉकिंगनं नापास करा, पास करू नका. शिवाय रेणू २बी ला चालू करेल की अडवेल, हे आकडा सांगत नाही. ते प्रयोगातच कळतं.

मोठ्या प्रमाणावर हे काम कसं होतं त्याचा नमुना २०२२ मध्ये नेचर नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या गटांनी एकाच सांगाड्याचे साडेसात कोटी काल्पनिक रेणू २ए वर डॉक केले, त्यांतले मोजके प्रत्यक्ष बनवले आणि सुधारले. शेवटी उंदरांत भ्रमाच्या खुणा न देता नैराश्यरोधक परिणाम दाखवणारे रेणू हाती लागले. कोट्यवधींतून मोजकेच हाती आले, तेही बनवून तपासल्यावर.

पायरी ७: मेंदूत पोचतो का?

सेरोटोनिन स्वतः रक्तातून मेंदूत जात नाही, तेव्हा हा प्रश्न आधी विचारायचा की नंतर, यावर मी मुलांशी वाद घालतो. माझं मत: रेणू काढतानाच. फायझरच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये सहा गुणांची एक मोजपट्टी दिली: तेलकटपणा दोन प्रकारे, वजन, ध्रुवीय पृष्ठ, हायड्रोजन देणारे गट आणि नायट्रोजनचा पीकेए (तो किती सहज प्रोटॉन धरतो). प्रत्येकाला एक गुण, सहापैकी चारच्या वर बरं. वजन ३६० च्या खाली असेल तर पूर्ण गुण. पिमावान्सेरिनचं वजन ४२७ आहे आणि ते मेंदूत छान पोचतं, म्हणजे ही पट्टी विचार करायला आहे, रेणू फेकून द्यायला नाही. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप मात्र विसरू नका. लोपेरामाइड हे जुलाबाचं औषध अफूच्या रिसेप्टरवर बसतं, तरी गुंगी येत नाही, कारण हा पंप त्याला मेंदूच्या दारातून परत फेकतो.

पायरी ८: बनवणं आणि मोजणं

इथे संगणकाचं काम संपतं. दोन-तीनच रेणू निवडा, आणि ते तुमच्या कॉलेजात बनवता येतील असे निवडा. पाच पायऱ्यांचं सुंदर संश्लेषण कागदावर राहतं, पिपेरिडिन आणि बेन्झिल हॅलाइडची एक साधी अभिक्रिया हातात पदार्थ देते. नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग, वर्धा-कामठीची फार्मसी कॉलेजं इथे ओळख काढून रेणूची ओळख पटवणाऱ्या एनएमआर आणि मास या तपासण्या करून घ्या, शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर हवी. रिसेप्टरवरच्या मोजणीसाठी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात सरकारी पैशावर चालणारा एक तपासणी कार्यक्रम वर्षानुवर्षं शैक्षणिक संशोधकांचे रेणू विनाशुल्क तपासत आला आहे. सध्याच्या अटी वाचून गाईडच्या नावानं अर्ज करा.

अहवालात दोन गोष्टी मागा. एक, सगळ्या सेरोटोनिन रिसेप्टरांवरचं बंधन, २बी धरून. दोन, कार्याची चाचणी: २ए मध्ये जी-क्यू या जी-प्रोटीनच्या मार्गानं पेशीत कॅल्शियम वाढतं की नाही, आणि निरोपाचा दुसरा, बीटा-अरेस्टिन या प्रोटीनचा मार्ग चालतो का. एकच रेणू एक मार्ग चालवून दुसरा सोडू शकतो.

प्राण्यांवर जायचं तर संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी आधी, प्रयोग नंतर. २ए चालू झाला की उंदीर डोकं झटकतो. तुमचा रेणू ते झटके थांबवतो का, ही साधी चाचणी आहे, फक्त मोजायला शांत खोली आणि धीर लागतो. तुलनेसाठी एलएसडी किंवा सायलोसिबिन वापरायचा विचार मनातून काढा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली दोन्ही येतात आणि परवान्याशिवाय कपाटात ठेवणंही गुन्हा आहे. माणसांवरच्या चाचण्या २०१९ च्या नियमांखाली होतात, ते काम कंपनीचं आणि मोठ्या रुग्णालयाचं.

प्रबंधाच्या निष्कर्षात ‘औषध’ शब्द घालू नका. ‘२ए ला अमुक केआयनं धरणारा, २बी ला अमुकपर्यंत न चालवणारा रेणू’ असं लिहा आणि बाजूच्या तक्त्यात नापास झालेलेही द्या. आल्झायमरसाठी ६ क्रमांकाच्या रिसेप्टरवरचे इडालोपिर्डिन आणि इंटेपिर्डिन २०१६-१७ मध्ये तिसऱ्या टप्प्यात पडले. त्यांच्या केआयमध्ये तर काहीच खोट नव्हती.